प्लांटमधल्या कम्युनिकेशन केबलची स्पेअर कशी तयार ठेवावी: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळीत, एका वजनकाट्याचा आकडा कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरून गेला. जागेवरच्या इंडिकेटरवर वजन नीट दिसत होतं, पीएलसीकडे, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरकडे, मात्र काही पोचत नव्हतं. केबलवर संशय आला. ड्रॉवरमध्ये हुबेहूब तशी दुसरी होती: तेवढीच लांबी, दोन्ही टोकांना तेच नऊ-पिन कनेक्टर. लावली, पण आकडा आला नाही. मग केबलवरचा संशय गेला आणि आम्ही पोर्ट तपासला, इंडिकेटरच्या सेटिंग पाहिल्या, पीएलसीचं कार्डही बदललं. बॅच अडीच तास थांबून राहिली.

शेवटी जुन्या केबलचा हूड, म्हणजे कनेक्टरवरचं कव्हर, उघडला. आत पिन २ आणि ३ एका टोकापासून दुसऱ्या टोकाला अदलाबदल केलेल्या होत्या, आणि ७ ते ८ मध्ये नखाएवढ्या तारेचा जंपर डाख देऊन बसवलेला होता. बिघाड म्हणाल तर मानेजवळ एक तार तुटलेली, एवढाच. ड्रॉवरमधली केबल मात्र सरळ जोडणीची होती. ती त्या जागी कधीच चालली नसती. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद होती: ‘स्पेअर, १ नग’.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो. जी केबल नेमकी कुठे लागते हे लिहिलेलं आहे आणि जी त्या कामासाठी तपासून ठेवलेली आहे, तीच स्पेअर. बाकीचा नुसता साठा. खालच्या पायऱ्या त्या कसोटीला उतरण्यासाठी आहेत.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

कागद: नेटवर्कची आर्किटेक्चर ड्रॉइंग, पॅनेलची वायरिंग ड्रॉइंग, उपकरणांच्या मॅन्युअलमधली पिनआउटची (कुठली पिन कशाला जोडलेली ते दाखवणारी) पानं, स्टोअरची सध्याची यादी आणि प्लांटची वर्क परमिट पद्धत. ड्रॉइंग जुनी असेल तरी घ्या. जागेवर काय वेगळं आहे ते तिच्यावरच लाल पेनाने लिहायचं आहे.

साहित्य: चांगला मल्टिमीटर, इथरनेटसाठी जोड्या ओळखणारा टेस्टर, क्रिम्पिंग टूल, प्रॉफिबस (उपकरणांना जोडणारं एक नेटवर्क) केबलची साल काढायचं टूल, फायबर साफ करायचा क्लीनर, लेबल प्रिंटर, हीट-श्रिंक आणि वेल्क्रोच्या पट्ट्या. पुढे ऐपत झाली तर प्रॉफिबस टेस्टर आणि फायबरचा पॉवर मीटर घ्या. पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी अडून राहू नका.

१. आधी प्लांट पायी फिरा

यादी संगणकावर बसून करू नका. प्रत्येक पॅनेल, प्रत्येक जंक्शन बॉक्स, कंट्रोल रूमच्या टेबलाखालची जागा, सगळं स्वतः पाहा. प्रत्येक कम्युनिकेशन केबलसाठी या गोष्टी लिहा: कुठून कुठे जाते, दोन्ही टोकांचा टॅग (ओळख क्रमांक), कनेक्टरचा प्रकार (नर की मादी, सरळ की काटकोनी), अंदाजे लांबी, सालीवर छापलेला मजकूर जसाच्या तसा, आणि ती गेली तर प्लांटचं काय होतं.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक जण रिकामा सोडतात. तो भरायला ऑपरेटरजवळ बसावं लागतं. ‘ही केबल गेली तर तुम्ही काय कराल?’ असं विचारा. काही केबलींवर उत्तर येतं, ‘काही नाही, जागेवर जाऊन आकडा लिहून आणू.’ काहींवर ऑपरेटर क्षणभर गप्प होतो. स्पेअरचं काम त्या दुसऱ्या प्रकारापासून सुरू करा.

इथला सापळा: चालू प्लांटमध्ये टॅग वाचण्यासाठी केबल ओढू किंवा पिळू नका. वर्षानुवर्षं न हललेला कनेक्टर बोटभर हलला तरी संपर्क सुटतो. टॅग दिसत नसेल तर आरसा आणि टॉर्च वापरा, किंवा पुढच्या शटडाऊनसाठी नोंद ठेवा. फोटो काढायला परवानगी लागते का तेही आधी विचारा. ज्वलनशील वायूच्या झोनमध्ये साधा फोन नेताच येत नाही.

२. केबलची जात ओळखा

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त चुकतो, कारण कनेक्टर बसला म्हणजे केबल बरोबर असं वाटतं. त्याच नऊ-पिन डी-सब कनेक्टरवर आरएस-२३२ येतं, आरएस-४८५ येतं आणि प्रॉफिबसही येतं.

*आरएस-२३२.* लांबी साधारण १५ मीटरपर्यंत. सरळ आणि क्रॉस असे दोन मुख्य प्रकार, आणि उपकरण बनवणाऱ्याने स्वतःच्या सोयीने केलेले जंपर हा तिसरा. प्रत्येक केबलचा पिनआउट मल्टिमीटरने काढून कागदावर उतरवा. बाहेरून पाहून तो कळत नाही.

*आरएस-४८५.* मॉडबस आरटीयू, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत, बहुधा यावरच धावतो. मॉडबस १९७९ साली आला आणि अजून जागोजागी चालू आहे, त्यामुळे ही केबल ‘जुनी’ म्हणून यादीतून गाळू नका. पिळलेली जोडी, १२० ओहम इम्पीडन्स (सिग्नलला केबलचा होणारा विरोध), दोन्ही टोकांना १२० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल टोकावरून परत उलटू नये म्हणून लावलेला रेझिस्टर. पॉवर बंद करून लाइनवर मल्टिमीटर लावला की दोन्ही टर्मिनेशन समांतर येऊन सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टर्मिनेशन गायब आहे. ४० दिसले तर कुणीतरी मध्येच तिसरं लावलंय.

*प्रॉफिबस डीपी.* जांभळी साल, आत हिरवी आणि लाल अशा दोन तारा, १५० ओहम इम्पीडन्स. हिरवी ए, म्हणजे पिन ८. लाल बी, म्हणजे पिन ३. वेगावर लांबी ठरते: १.५ एमबीपीएसला एका सेगमेंटला २०० मीटर, १२ एमबीपीएसला १०० मीटर. इथे १२० ओहमची आरएस-४८५ केबल ‘दोनच तारा तर आहेत’ म्हणून जोडली तर कमी वेगावर चालल्यासारखी वाटते आणि मग अधूनमधून एखादं स्टेशन गळायला लागतं. असा अधूनमधूनचा बिघाड शोधणं फार जड जातं.

*प्रॉफिबस पीए आणि फाउंडेशन फील्डबस.* ३१.२५ केबीपीएस, सिग्नल आणि पॉवर एकाच जोडीवर. याच्या टर्मिनेटरमध्ये १०० ओहम आणि १ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये असतात. त्यामुळे मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजलं तर टर्मिनेटर उघडा, म्हणजे सर्किट तुटल्यासारखा, दिसतो. तो खराब नाही, फेकू नका. निळी साल दिसली तर ते सर्किट इन्ट्रिन्सिकली सेफ (ठिणगीने वायू पेटणार नाही इतक्या कमी ऊर्जेचं) असण्याची दाट शक्यता आहे, आणि तिथे केबलची कपॅसिटन्स व इंडक्टन्स हिशेबात धरलेली असते. अशा जागी मनाने दुसरी केबल घालायची नाही.

*इंडस्ट्रियल इथरनेट.* प्रॉफिनेटची साल हिरवी आणि बहुधा आत चार तारा. एका कॉपर लिंकला १०० मीटरची मर्यादा. कनेक्टर आरजे-४५ किंवा एम१२. एम१२ मध्ये १०० एमबीपीएससाठी डी-कोड आणि गिगाबिटसाठी एक्स-कोड, हे एकमेकांत बसत नाहीत. हलत्या भागावर, म्हणजे ड्रॅग चेनमध्ये, साधी केबल टाकू नका. ती काही महिन्यांत आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते.

*फायबर.* पिवळी साल सिंगल-मोड. नारिंगी साल मल्टि-मोड, पण ती ६२.५/१२५ (गाभ्याचा आणि बाहेरचा व्यास, मायक्रॉनमध्ये) ही असू शकते आणि ५०/१२५ ही. सालीवरचा मजकूर वाचूनच ठरवा. फिकट निळसर-हिरवी बहुधा मल्टि-मोडच्याच ओएम३ किंवा ओएम४ जातीची. ६२.५ च्या लाइनला पुढे ५० चा पॅच कॉर्ड जोडला की मोठ्या गाभ्यातला प्रकाश लहान गाभ्यात मावत नाही आणि सिग्नल पडतो. हिरवं टोक असलेला तिरक्या घासणीचा कनेक्टर निळ्या टोकाच्या कनेक्टरला कधीही जोडू नका.

*प्रोग्रामिंग केबल.* ही सगळ्यात दुर्लक्षित. पीएलसीशी बोलायची ती एकमेव केबल, तिचा यूएसबी कन्व्हर्टर, त्याचा ड्रायव्हर आणि तो ड्रायव्हर चालणारा लॅपटॉप, हे चारही मिळून एक स्पेअर. यातलं एक नसेल तर बाकीच्या तिघांचा उपयोग नाही. ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हवर घालून केबलच्या पाकिटातच ठेवा. पेन ड्राइव्ह प्लांटच्या नियमाप्रमाणे स्कॅन केलेला असू द्या.

३. किती ठेवायच्या ते ठरवा

याला सूत्र नाही, पण माझा क्रम असा आहे. जी गेल्यावर प्लांट थांबतो आणि जी जागेवर बनवता येत नाही (मोल्डेड कनेक्टर, कंपनीची खास केबल, कारखान्यात पॉलिश केलेला फायबर), ती तयार अवस्थेत किमान एक. मिळायला महिने लागत असतील तर दोन. जी जागेवर बनवता येते तिच्यासाठी एक तयार आणि सोबत रोलवरची केबल व कनेक्टर. रात्रपाळीला क्रिम्प करता येणारं कुणी नसेल तर ‘बनवता येते’ हे गृहीत धरू नका.

लांबी ठरवताना मार्गावर टेप धरून मोजा. ड्रॉइंगवरची लांबी ट्रेच्या चढउताराने कमी पडते. उलट वीस मीटरच्या जागी पन्नास मीटरची ठेवली तर उरलेलं वेटोळं पॅनेलमध्ये ड्राइव्हच्या पॉवर केबलशेजारी येऊन पडतं आणि नॉइज गोळा करतं.

४. आल्या दिवशीच तपासा

स्टोअरमध्ये माल उतरला की सही करण्याआधी ही पायरी. वर्षभराने कुणी बदलून देत नाही.

नजरेने: सालीवरचा मजकूर ऑर्डरशी जुळतो का, कनेक्टरची लॅच मोडली आहे का, कुठे घडी पडली आहे का. केबल बोटांमधून हळूहळू सरकवा. घडी पडलेल्या जागी सालीखाली एक बारीक कडकपणा लागतो, मग लगेच पोकळ मऊपणा. तो एकदा बोटांना कळला की विसरत नाही. अशी केबल परत पाठवा.

मल्टिमीटरने: प्रत्येक पिन टोकापासून टोकापर्यंत, आणि प्रत्येक पिन बाकीच्या सगळ्या पिनांशी व शील्डशी (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाशी). मोजताना कनेक्टरच्या मानेजवळ केबल हलवत राहा. आकडा नाचला तर सांधा कच्चा आहे. प्रॉफिबस केबलचा लूप रेझिस्टन्स किलोमीटरला ११० ओहम धरतात, म्हणजे १०० मीटरच्या तुकड्याची जोडी पलीकडे शॉर्ट करून अलीकडे सुमारे ११ ओहम यायला हवेत.

प्रॉफिबसचा साधा कनेक्टरही सुटा मोजता येतो. टर्मिनेशन चालू केल्यावर पिन ३ आणि ८ मध्ये २२० ओहम, ३ आणि ६ मध्ये ३९०, ८ आणि ५ मध्ये ३९०. बंद केल्यावर तिन्ही ठिकाणी उघडं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि टर्मिनेशनचा खराब स्विच तुम्हाला स्टोअरच्या टेबलावर सापडतो.

इथरनेटचे दोन सापळे नीट समजून घ्या. पहिला, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल. ती दिसायला तशीच असते, पण तिचा रेझिस्टन्स दीडपटीच्या आसपास जातो आणि तार ठिसूळ असते. २४ गेजच्या खऱ्या तांब्याच्या केबलला १०० मीटरला एका तारेचे ९.३८ ओहमपेक्षा जास्त यायला नकोत. ३०५ मीटरच्या पेटीतली एक जोडी आतल्या टोकाला शॉर्ट करून मोजा; ५७ ओहमच्या वर गेली तर माल नाकारा.

दुसरा सापळा तुटलेल्या जोडीचा. आरजे-४५ मध्ये जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा जातात. न शिकलेला माणूस त्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ भरतो. दिवे लागणारा स्वस्त टेस्टर अशा केबलला पास करतो, कारण प्रत्येक पिन समोरच्या पिनशी जोडलेली आहेच. पण ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांतल्या झाल्या, पीळ निरुपयोगी ठरला, आणि ट्रॅफिक वाढला की डेटा गळू लागतो. म्हणून जोड्या ओळखणारा टेस्टर हवा. क्रिम्प करताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू नका, आणि भरीव तारेचा प्लग वेगळा व बहुतारी केबलचा वेगळा हे ध्यानात ठेवा.

मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासायचं मीटर) वापरायचा झाला तर केबल दोन्ही टोकांना पूर्ण सुटी असतानाच. एका टोकाला उपकरण राहिलं तर त्याचं कम्युनिकेशन पोर्ट जळतं.

शेवटची आणि खरी चाचणी म्हणजे शटडाऊनमध्ये ती केबल प्रत्यक्ष जागेवर लावून पाहणं. निदान एक तास चालू द्या, एरर काउंटर पाहा, मग काढून तारीख घाला. प्रत्येक केबलीला ही संधी मिळत नाही. पण प्लांट थांबवणाऱ्या केबलींसाठी शटडाऊनच्या कामाच्या यादीत हे लिहून घ्या, भांडून घ्या.

५. टॅग आणि कार्ड

प्रत्येक स्पेअरच्या दोन्ही टोकांना छापील टॅग: स्पेअर क्रमांक, कुठल्या टॅगच्या जागी जाते, तपासल्याची तारीख. हाताने लिहिलेली चिकटपट्टी वर्षभरात कोरी होते. सोबत पारदर्शक पाकिटात एक कार्ड ठेवा आणि त्यावर पिनआउटचं चित्र, जंपर, शील्ड कुठे जोडलंय, मोजलेले आकडे, तपासणाऱ्याची सही. रात्री दोन वाजता झोपेतून उठवलेल्या माणसाला ते वाचून काम करता आलं पाहिजे, एवढं सोपं लिहा. एका केबलीला एक पाकीट. दहा केबली एका खोक्यात घालून वर एकच यादी ठेवली की पहिल्या ब्रेकडाऊनला सगळा गुंता होतो.

६. ठेवायची जागा

कोरडी, सावलीतली, बंद कपाटातली. ऊन आणि उष्णता साल कडक करतात, सॉल्व्हंटच्या वाफा ती चिकट करतात, उंदीर ती कुरतडतात. केबल कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळू नका. तिच्या नैसर्गिक वळणाने मोठं वेटोळं करा आणि वेल्क्रोने सैल बांधा. आवळलेला टाय जोड्या दाबतो. फायबरचं वेटोळं व्यासाच्या दहापट त्रिज्येपेक्षा लहान नको, आणि टोकांवरच्या टोप्या काढायच्याच नाहीत. रोल कापला की उघड्या टोकाला लगेच हीट-श्रिंकची टोपी घाला, नाहीतर ओलावा शील्डच्या जाळीतून आत सरकत जातो.

कपाटाची किल्ली शिफ्टमध्ये असू द्या. दिवसपाळीच्या स्टोअरकीपरच्या खिशात असलेली स्पेअर रात्री नसल्यात जमा.

७. वर्षातून एकदा

नग मोजा, टॅग वाचा, कंटिन्युइटी (तार टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे का) पाहा, यूएसबी कन्व्हर्टर लॅपटॉपला लावून पोर्ट उघडतो का बघा. लॅपटॉप बदलला असेल तर हे त्याच आठवड्यात करा. आणि प्लांटमध्ये एखादं उपकरण बदललं की त्याची स्पेअर आता कुठली हे बदलाच्या कागदातच लिहून घ्या. जुन्या उपकरणाच्या केबली कपाटात राहिल्या की पुढच्या माणसाला चकवतात.

८. प्रत्यक्ष बदलताना

परमिट घ्या. त्या केबलवरून एखादा इंटरलॉक (धोक्याच्या वेळी यंत्र आपोआप थांबवणारी अट) जातो का ते लॉजिकमध्ये पाहा आणि ऑपरेटरला सांगूनच हात लावा. कम्युनिकेशन तुटल्यावर आउटपुट शेवटच्या स्थितीत राहतात की शून्यावर जातात, हे आधी माहीत हवं.

रिडन्डंट जोडी, म्हणजे एकाच कामाच्या दोन लाइन, असेल तर दुसरी लाइन निरोगी आहे हे स्क्रीनवर खात्री करून मगच पहिली काढा. टॅग मोठ्याने वाचा, सोबतच्याला वाचायला लावा. चुकून चालू लाइन काढल्याने गेलेले प्लांट मी पाहिलेत.

प्रॉफिबसमध्ये टोकाच्या कनेक्टरचं टर्मिनेशन त्याच उपकरणाच्या पॉवरवर चालतं, त्यामुळे ते उपकरण बंद केलंत तर अख्खी लाइन डळमळू शकते. नवीन कनेक्टर मध्ये बसवताना स्विच बंद आहे ना ते पाहा. बऱ्याच कनेक्टरांत तो चालू केला की पुढे जाणारी केबल तुटते आणि पुढची सगळी स्टेशनं एकदम जातात.

शील्ड जुन्या केबलला होतं तसंच जोडा. प्रॉफिबसला दोन्ही टोकांना अर्थिंग आणि ॲनालॉगला एका टोकाला ही सर्वसाधारण रीत आहे, पण तुमच्या प्लांटच्या ड्रॉइंगमध्ये काय आहे तेच खरं. इथरनेट पॅच कॉर्डचं दुसरं टोक गडबडीत त्याच स्विचमध्ये जाऊ देऊ नका. साध्या स्विचवर त्या एका लूपने सगळं नेटवर्क गुदमरतं. फायबरचं टोक डोळ्यासमोर धरून आत पाहू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळा दुखावतो. लावण्याआधी साफ करा, नवीन असलं तरी.

९. काम झाल्यावर

काढलेली केबल त्याच पाकिटात, त्याच कपाटात परत जाऊ देऊ नका. तिच्यावर लाल टॅग लावा, तारीख आणि लक्षण लिहा, आणि सकाळी हूड उघडून नेमकं काय तुटलं ते पाहा. मानेजवळ तुटली असेल तर तिथे केबलला आधार नाही. तो बसवल्याशिवाय नवीनही तिथेच तुटेल. पिनांवर हिरवट थर असेल तर पॅनेलमध्ये ओलावा येतोय, ग्लँड (केबल पॅनेलमध्ये शिरते तिथलं सील) पाहा. बिघाडाचं कारण कार्डावर लिहिलं की केबलची दोन्ही टोकं कात्रीने कापा, मगच भंगारात टाका. न कापलेली केबल कुणीतरी ‘चांगली दिसतेय’ म्हणून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवतो. आणि त्याच शिफ्टमध्ये, घरी जाण्याआधी, नव्या स्पेअरची मागणी भरा.